चढावर गाडी तापते: इलेक्ट्रिक पंख्याचा दोष मुळापर्यंत कसा शोधायचा

हायवेवर ताशी साठच्या पुढे गेलं की रेडिएटरला पंख्याची फारशी गरज उरत नाही, समोरून येणारा वाराच पाणी थंड ठेवतो. राजमाचीच्या वाटेसारख्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर मात्र गाडी फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सर्वांत मंद गिअरमध्ये, माणसाच्या चालीने रांगते. इंजिन जोरात फिरत असतं आणि वारा जवळपास नसतो. तिथे इंजिनाची सगळी उष्णता बाहेर टाकण्याचं काम एकट्या पंख्यावर येतं. म्हणूनच शहरात वर्षभर निमूट चालणारी गाडी पहिल्या खऱ्या चढावर तापते, आणि दोष तिथेच उघडा पडतो.

हा लेख मुख्यतः अशा गाड्यांसाठी आहे, ज्यांचा मूळचा बेल्टवर फिरणारा पंखा काढून त्या जागी इलेक्ट्रिक पंखा बसवला आहे. जिप्सी आणि जुन्या महिंद्रा डिझेल जीपमध्ये हे सर्रास केलं जातं. पाण्यातून जाताना पंखा बंद ठेवता येतो, इंजिनावरचा भार थोडा हलका होतो, आणि इंजिन बदललेल्या गाडीत बेल्टच्या पंख्याला जागाच नसते. कारणं रास्त आहेत. अडचण अशी की पंखा नीट निवडला जातो, पण वायरिंग घाईत होतं. कंपनीकडूनच इलेक्ट्रिक पंखा आलेल्या गाडीलाही पुढच्या बहुतेक तपासण्या लागू पडतात. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगतो. पंखा फिरत असताना त्याच्या प्लगपाशी किती व्होल्ट पोचतात हे मोजल्याशिवाय नवा पंखा विकत घेऊ नका. मोटर खरोखर जळते, नाही असं नाही. पण अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारा जोड), रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि कनेक्टर हे तिच्या कितीतरी आधी दगा देतात, आणि त्यांची दुरुस्ती अगदी स्वस्तात होते.

गाडी आत्ता तापली आहे, तर आधी एवढं करा

काटा लालच्या दिशेने चढतोय, पण वाफ नाही आणि पाणी कुठे सांडत नाही, अशा वेळी लगेच इंजिन बंद करू नका. बंद केलं की पाण्याचा पंप थांबतो आणि इंजिनाच्या हेडमधली उष्णता तिथेच कोंडते. गाडी सपाटीला घ्या, तोंड वाऱ्याकडे करा, एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. तो छोटासा दुसरा रेडिएटरच आहे. इंजिन साधारण १,२०० ते १,५०० आरपीएमवर ठेवा. दोन-तीन मिनिटांत काटा खाली यायला लागला तर ठीक. वाफ निघत असेल, कुलंट (रेडिएटरमधलं थंड करणारं पाणी) वाहून गेला असेल किंवा काटा चढतच असेल, तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करा. पाणी नसताना इंजिन चालू ठेवणं म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) उडवणं.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरीही दरवर्षी हात आणि चेहरे भाजतात. त्यामागचं कारण कळलं तर हात आपोआप मागे येईल. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा समुद्रसपाटीला जवळजवळ ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब क्षणात जातो, पाण्याचा उकळबिंदू १०० अंशांवर येतो आणि आतलं पाणी एकदम उकळून उसळतं. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताने दाबून पाहा. तो कडक लागत असेल तर आत दाब आहे. होज मऊ होईपर्यंत थांबा, मग जाड कापड ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत सोडा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका.

आणखी एक धोका. बऱ्याच गाड्यांत पंख्याला बॅटरीचा करंट थेट मिळतो, म्हणून चावी काढलेली असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो. पात्यांपाशी हात घालण्याआधी पंख्याचा प्लग काढा किंवा बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा.

दोष पंख्याचाच आहे का?

गाडी कधी तापते, हा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा अर्धं उत्तर त्यातच मिळतं.

उभ्या गाडीत किंवा रांगताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटं पळवली की काटा जागेवर येतो, तर हवा कमी पडते आहे. पंखा, त्याचं वायरिंग, श्राउड (पंख्याची ओढ पूर्ण रेडिएटरवर पसरवणारं आवरण), चिखलाने बुजलेल्या रेडिएटरच्या जाळ्या, यांतलंच काहीतरी. उलट गाडी हायवेवर भरवेगात किंवा भार घेऊन लांब चढ चढताना तापते आणि सावकाश चालताना ठीक राहते, तर पंख्याच्या मागे लागू नका. तिथे रेडिएटर आतून चोंदलेला असेल, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडत नसेल, पाण्याच्या पंपाची आतली पाती झिजलेली असतील किंवा खालचा होज ओढीने चपटा होत असेल. थंड गाडी सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांतच होज दगडासारखे कडक होतात, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, पाणी गळत नाही तरी कमी होतं, अशी लक्षणं हेड गॅस्केटकडे बोट दाखवतात. कितीही मोठा पंखा लावा, ते थांबणार नाही.

पंख्याकडे जाण्याआधी थंड गाडीत कुलंटची पातळी रेडिएटरमध्येच बघा, फक्त शेजारच्या कुलंटच्या बाटलीत बघून भागत नाही. झाकणाचं रबर तडकलेलं असेल तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. झाकण निकामी असेल तर पाणी १०० अंशांलाच उकळतं, आणि लडाखला गेलात तर त्याच्याही खाली. साडेतीन हजार मीटर उंचीवर साधं पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे काही इंजिनांचा थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्याआधीच. तिथे धड झाकण ही चैन नव्हे, गरज आहे.

पातळी कमी झाली की त्यातून दुसरी फसवणूक होते. टेम्परेचर सेन्सर किंवा पंख्याचा थर्मल स्विच (पाणी तापल्यावर पंखा लावणारा) हवेच्या पोकळीत राहिला, तर इंजिन तापूनही त्याला ते कळत नाही. पंखा लागत नाही, काटाही शांत असतो, आणि एकदम वाफ दिसते. अशा वेळी पंखा, रिले, वायर सगळं निर्दोष असतं. पाणी भरून हवा काढली की काम झालं.

पायरी पहिली: मोटर जिवंत आहे का

निगेटिव्ह टर्मिनल सोडून पंखा हाताने फिरवा. तो सहज फिरून हळूहळू थांबायला हवा. घासल्याचा आवाज, अडखळणं, पाती वरखाली हलणं म्हणजे बेअरिंग किंवा बुश गेलं. श्राउडमध्ये अडकलेला खडा, काटकी, वाळलेला चिखल बघा. पावसाळ्यानंतर चिखल मोटर आणि पात्यांच्या मध्ये सिमेंटसारखा बसतो आणि पंखा वेळेवर सुटतच नाही. मोटर जागच्या जागी करंट खेचत राहते आणि फ्यूज उडतो. तिथे नुसता फ्यूज बदलून उपयोग नाही.

आता पंख्याचा प्लग काढा आणि दोन जाड वायरींनी त्याला बॅटरीवरून थेट करंट द्या. पॉझिटिव्ह वायरमध्ये ३० अँपिअरचा फ्यूज हवाच. जोडताना शेवटचा जोड पंख्याच्या टोकाला करा, बॅटरीवर नको. ठिणगी उडणारच, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. ही तपासणी फक्त दोन वायरींच्या पंख्यासाठी आहे. नव्या गाड्यांत पंख्याच्या आत कंट्रोल मोड्यूल असतं आणि प्लगमध्ये तीन-चार पिन असतात. तिथे वायरिंगचा नकाशा हाती नसेल तर अंदाजाने काही जोडू नका.

पंखा जोरात सुटला तर मोटर बरी आहे, दोष मागे वायरिंगमध्ये आहे. अजिबात हलला नाही, पण मोटरच्या पाठीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केल्यावर सुटला, तर आतले कार्बन ब्रश संपत आले आहेत. त्या मोटरवर पुढची सहल काढू नका. थेट जोडूनही मंद फिरला तर मोटर आतून थकली आहे. इथे डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर फार उपयोग होतो. घेताना पाहून घ्या, स्वस्त क्लॅम्प मीटर बहुधा फक्त घरच्या एसी करंटचे असतात. लहान गाडीचा पंखा साधारण ८ ते १२ अँपिअर घेतो, मोठा सोळा इंची पंखा १५ ते २५. सुटताना क्षणभर याच्या दुप्पट-तिप्पट. पंखा मंद आणि करंट जास्त, तर मोटर जाम आहे. पंखा मंद आणि करंटही कमी, तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा ब्रश झिजले आहेत. साधा मल्टिमीटर करंटसाठी मध्ये जोडू नका. त्याची मर्यादा बहुतेक १० अँपिअर असते आणि त्याचा फ्यूज तत्क्षणी जाईल.

दोन वेगांच्या पंख्यात फक्त मोठा वेग चालतो आणि लहान चालत नाही, अशी तक्रार असेल तर श्राउडवर बसवलेला रेझिस्टर बघा. तो जळणं नेहमीचंच आहे.

पायरी दुसरी: व्होल्ट वाटेत कुठे हरवतात

हीच खरी तपासणी, आणि नेमकी हीच वगळली जाते. इलेक्ट्रिशियन प्लग काढतो, मीटर लावतो, १२ व्होल्ट दिसतात, आणि "करंट येतोय, मोटर गेली" असं सांगतो. पण मीटर करंट जवळपास खेचतच नाही. वायरच्या चाळीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवेल. त्या एका तारेतून मोटरला हवे असलेले १८ अँपिअर मात्र जाणार नाहीत. म्हणून प्लग जोडलेला, पंखा चालू, इंजिन चालू, अशा स्थितीतच मोजायचं. प्लगच्या मागून पिनला टोचता येतं.

आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मोजा. इंजिन थोडं चढवून १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. मग पंख्याच्या प्लगवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग उत्तम. एक व्होल्टच्या वर गेला तर दुरुस्ती हवी. दोन-अडीच व्होल्ट गेले तर तुमचा तापण्याचा प्रश्न बहुधा इथेच आहे. १८ अँपिअर वाहत असताना दोन व्होल्ट हरवणं म्हणजे ३६ वॅट उष्णता एखाद्या जोडात साठणं. प्लास्टिकचा कनेक्टर वितळून तपकिरी का होतो, त्याचं उत्तर हे आहे.

आता हरवलेले व्होल्ट कोणत्या बाजूला आहेत ते शोधा. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी पिन पंख्याच्या पॉझिटिव्ह पिनवर. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट पॉझिटिव्ह वाटेत गेले. मग लाल पिन पंख्याच्या निगेटिव्हवर आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर. तो आकडा अर्थचा. दोन्हींत जो मोठा, त्या वाटेने एकेक जोड ओलांडत मागे या: फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, रिलेच्या ३० आणि ८७ पिनच्या मध्ये, प्रत्येक थिंबलवर (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोकावर). ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा एकदम उडी घेतो, दोष तिथे.

जुन्या जीपमध्ये मी आधी अर्थकडेच बघतो. पंख्याची काळी वायर रेडिएटरच्या चौकटीच्या एखाद्या स्क्रूला बांधलेली असते. ती चौकट रबरी बुशवर, बुश रंगवलेल्या चॅसीवर, आणि चॅसीपासून बॅटरीपर्यंत गंजलेली पट्टी. करंटला परतीची वाटच नीट नसते. पंख्याची अर्थ वायर पॉझिटिव्हइतकीच जाड घ्या आणि थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या, किंवा कोऱ्या धातूपर्यंत घासलेल्या चॅसीच्या बोल्टवर आणि तिथून इंजिन व बॅटरीपर्यंत जाड पट्टी द्या. कोकणातल्या दमट, खारट हवेत जोड केल्यावर त्यावर ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावाच, नाहीतर दोन पावसाळ्यांत हिरवट बुरशीसारखा थर चढतो.

वायर १८ ते २० अँपिअरच्या पंख्याला किमान ४ चौरस मिलिमीटर तांब्याची हवी. हेडलाइटच्या वायरीवरून फाटा काढून पंखा चालवणं चूक आहे. फ्यूज ३० अँपिअरचा, आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरला कुणाचंच संरक्षण नसतं. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून मोठा घालू नका. फ्यूज मोठा झाला की वितळण्याची पाळी वायरवर येते.

पायरी तिसरी: रिले

रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची (रिले ओढणाऱ्या चुंबकाची) टोकं, ३० वर बॅटरीचा फ्यूज लावलेला करंट, ८७ वरून पंख्याला. पाच पायांच्या रिलेत मधला ८७ए असतो. त्यावर रिले बंद असतानाच करंट येतो, आणि पंख्याची वायर चुकून त्यावर बसली तर पंखा थंड गाडीत चालतो आणि गरम झाल्यावर बंद पडतो. काही रिलेंमध्ये कॉइलवर डायोड असतो. त्यात ८५ आणि ८६ यांची अदलाबदल चालत नाही.

पंखा लागायला हवा त्या क्षणी रिलेवर बोट ठेवा. टक असा झटका जाणवला तर कॉइलला हुकूम मिळतोय. मग ३० वर बारा व्होल्ट आहेत का आणि झटक्यानंतर ८७ वर ते येतात का बघा. ३० वर आहेत, ८७ वर नाहीत, तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत. झटकाच नसेल तर कॉइलच्या दोन पायांवर मोजा. एकावर करंट आणि दुसऱ्यावर अर्थ, दोन्ही हवेत. पंख्याचा थर्मल स्विच बहुधा अर्थच्या बाजूला असतो, तेव्हा ८५ अर्थ होत नसेल तर पुढची पायरी स्विचची. जंगलात मीटर नसेल तर हॉर्नचा रिले त्याच प्रकारचा आहे का बघून त्याच्याशी अदलाबदल करा. एका मिनिटात निकाल लागतो.

रिले उलटा, पाय वर करून बसवला असेल तर पाणी बेसमध्ये साचतं. पाय खाली आणि जागा उंच हवी, बॅटरीच्या मागे किंवा फायरवॉलवर. रेडिएटरच्या चौकटीवर रिले ठेवणं म्हणजे त्याला प्रत्येक ओढ्यात आंघोळ घालणं. भारतीय बाजारात नावाजलेल्या कंपन्यांचे नकली रिलेही भरपूर फिरतात. उचलून बघा, खरा रिले हाताला जड लागतो, आणि दुकानाची पावती घ्या.

पायरी चौथी: स्विच आणि सेन्सर

दोन पिनांचा साधा थर्मल स्विच असेल तर त्याचा प्लग काढून प्लगच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. चावी चालू असताना पंखा लागला पाहिजे. लागला, तर स्विच गेला किंवा त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचत नाही. एकाच पिनचा स्विच असेल तर ती वायर इंजिनाला टेकवा.

काढलेला स्विच घरी तपासता येतो. जुन्या पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, आणि स्विचचं फक्त पितळी टोक बुडेल असा तो टांगलेला. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वाट जोडली आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर). स्विचवर ९२-८७ असं छापलेलं असेल तर ९२ ला जोडला पाहिजे आणि ८७ ला तुटला पाहिजे. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे शंभराचा स्विच तिथे पातेल्यात कधीच जोडणार नाही. त्याला दोष देऊ नका.

स्विच कुठे बसवला आहे यावर त्याचा आकडा ठरतो, आणि पंखा बदलून घेतलेल्या गाड्यांत हे वारंवार चुकलेलं दिसतं. इंजिनाच्या वरच्या बाजूला पाणी सर्वांत गरम असतं. रेडिएटरच्या खालच्या टाकीत ते थंड होऊन येतं. वरच्यासाठी असलेला ९५ चा स्विच खाली बसवला तर इंजिन १०५ ला पोचलं तरी पंखा झोपलेला. त्याचप्रमाणे पंखा थर्मोस्टॅटच्या आधी लागता कामा नये. थर्मोस्टॅट ८२ ला उघडत असेल आणि पंखा ८० ला लागत असेल तर तो बंदच होणार नाही, उगाच चालत राहील. जाळीत खुपसायचे प्रोबवाले तयार किट मला पटत नाहीत. पहिल्या चिखलातच प्रोब हलतो आणि हवेचं तापमान दाखवायला लागतो. होजमध्ये बसणारा पितळी किंवा ॲल्युमिनिअमचा अडॅप्टर घ्या आणि त्याच्या बॉडीला वेगळी अर्थ द्या, कारण दोन्हीकडे रबर असतं.

इंजेक्शनच्या गाड्यांत पंखा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांभाळतो आणि सेन्सर म्हणजे स्विच नसून रेझिस्टर असतो: थंडीत दोन-तीन हजार ओहम, ८०-९० अंशांना दोन-तीनशे. त्याच्या पिना जोडू नका. प्लग नुसता काढा. अनेक गाड्यांत ईसीयूला सेन्सर दिसला नाही की ती पंखा सावधगिरी म्हणून सतत चालू ठेवते. पंखा लागला तर मोटर, रिले आणि वायर तिन्ही पास, आणि अडचणीच्या वेळी याच युक्तीने घरापर्यंत येता येतं. एसी असलेल्या गाडीत एसी लावूनही पंखा लागतो का बघा. एसीवर लागतो आणि तापल्यावर लागत नाही, तर संशय सरळ सेन्सरवर.

पंखा फिरतोय, तरी तापते

ही तक्रार सर्वांत चिवट. आधी दिशा बघा. रेडिएटरच्या मागे, इंजिनाकडे बसवलेला पंखा हवा आत खेचतो. इंजिन चालू असताना ग्रिलसमोर वर्तमानपत्राचं पान धरा. ते ग्रिलला चिकटून राहिलं पाहिजे. उडालं तर पंखा उलटा फिरतोय, म्हणजे दोन वायरी उलट लागल्या आहेत. पात्यांचा आकारही एकाच दिशेचा असतो, त्यामुळे ढकलणारा पंखा नुसत्या वायरी फिरवून खेचणारा केला तर हवा निम्म्याच्या आसपासच मिळते. बऱ्याच पंख्यांत पातं काढून उलटं बसवावं लागतं.

मग श्राउड. गोल पंखा चौकोनी रेडिएटरला नुसता टेकवला तर तो आपल्यासमोरच्या गोलातूनच हवा ओढतो, चारही कोपरे वाया जातात. रेडिएटर पूर्ण झाकणारा, कडेने फट न ठेवणारा पत्र्याचा किंवा फायबरचा श्राउड करून घ्या. पंखा जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे असू द्या. जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी पंखा बांधू नका. खडबडीत रस्त्यावर त्या ट्यूब कापतात.

पंख्याचा आकारही तपासा. मारुती ८०० चा पंखा ८०० सीसीच्या इंजिनासाठी होता. तो अडीच लिटर डिझेलवर बसवून चढावर निभाव लागणार नाही.

रेडिएटरची जाळी बाहेरून स्वच्छ दिसते आणि आत बुजलेली असते, विशेषतः एसीचा कंडेन्सर पुढे असेल तर. लाल मातीचा गाळ, आणि पावसाळा सरताना गवताचं बी, दोन्ही या दोघांच्या मधल्या फटीत जमतात. पंखा काढून इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साध्या पाइपने, कमी दाबाने धुवा. वॉशिंग सेंटरची जेट जवळून मारली तर पाकळ्या आडव्या होतात आणि हवेची वाटच बंद होते. मागून टॉर्च धरून पुढून बघा. उजेड सगळीकडे सारखा दिसला पाहिजे.

आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. ३५ अँपिअरच्या जुन्या अल्टरनेटरकडून आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) त्याच्या निम्माही करंट मिळेलच असं नाही. त्यात २० पंख्याला, १० हेडलाइटला. रांगताना बॅटरी उतरत जाते, व्होल्ट साडेअकरावर येतात आणि पंखा मंदावतो, नेमका हवा तेव्हा. पंखा, लाइट सगळं चालू ठेवून आयडलवर पाच मिनिटांनी बॅटरीवर मोजा. आकडा १३ च्या खाली घसरत असेल तर मोठा अल्टरनेटर घेतल्याशिवाय मोठा पंखा निरुपयोगी आहे.

पाण्यात उतरण्याआधी

प्रत्येक ट्रेलच्या गाडीत डॅशबोर्डवर तीन स्थितींचा स्विच असावा असं माझं ठाम मत आहे: ऑटो, सक्तीने चालू, आणि पूर्ण बंद. ओढ्यात बुडालेली पाती पाण्याला स्क्रूसारखी धरतात, वाकतात आणि रेडिएटरमध्ये घुसतात. म्हणून बंपरच्या वर पाणी असेल तर उतरण्याआधी पंखा बंद. बाहेर आल्यावर अर्धं मिनिट पाणी निथळू द्या आणि पुन्हा ऑटोवर आणायला विसरू नका. विसरू नये म्हणून स्विचशेजारी लहान दिवा लावा, आणि त्याची वायर रिलेच्या ८७ वरून घ्या. स्विचवरून घेतलेला दिवा फक्त तुमचा हुकूम दाखवतो, ८७ वरचा दिवा पंख्याच्या वायरीत करंट खरोखर आला हे सांगतो.

गाडीत ठेवायचं सामान थोडकंच: जुळणारा एक रिले, ३० चे चार-पाच फ्यूज, फ्यूज होल्डर लावलेली ४ चौरस मिलिमीटरची दोन-दोन मीटर वायर, काही थिंबल, टेप, टेस्ट लॅम्प आणि पाच लिटर पाणी. टेस्ट लॅम्पमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर खेचतो, त्यामुळे कमकुवत वायर मंद उजेडाने लगेच पकडली जाते. या सामानावर वाटेत पंखा थेट बॅटरीवर जोडून घरी येता येतं. मुक्कामाला पोचलात की तो जोड काढा, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली असेल.

दुरुस्तीनंतरची खात्री

पंखा लागला म्हणून बॉनेट बंद करू नका. गाडी सपाटीला उभी करून आयडलवर तापू द्या. पंखा स्वतःहून लागावा, काटा थोडा खाली यावा, पंखा स्वतःहून बंद व्हावा, आणि हे चक्र निदान तीनदा पूर्ण व्हावं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर वरच्या काळ्या होजवर आणि खालच्या होजवर मोजा. चकाकत्या धातूवर तो चुकीचं दाखवतो. पंखा चालू असताना खालचा होज वरच्यापेक्षा स्पष्टपणे थंड असायला हवा. पंखा लागून बंदच होत नसेल तर हवा, श्राउड आणि स्विचचा आकडा पुन्हा तपासा.

मग इंजिन बंद करून, बॅटरीचं निगेटिव्ह सोडून, फ्यूज होल्डर, रिलेचा बेस, पंख्याचा प्लग आणि अर्थचा बोल्ट एकेक करून हाताने चाचपा. कोमट चालेल. बोट टिकत नाही इतका गरम लागणारा जोड पुन्हा करा, आणि मगच गाडी चढाला लावा. तो पहिला चढ घराजवळचा असू द्या, दुपारच्या उन्हात, फोर-लोमध्ये, वीस मिनिटं.